चार खाड्या, तीन फेरीबोटी आणि एक होडी

किनाऱ्याने पायी निघालेला चमू फुटतो तो वाळूवर. सकाळी सहाला सगळे एकत्र निघतात आणि नऊपर्यंत पुढच्या-मागच्यात तीन-चार किलोमीटर पडतात. एकाला ओल्या वाळूवर ताशी पाच किलोमीटर सहज जमतात, दुसऱ्याचे साडेतीनच होतात, तिसरा प्रत्येक शिंपल्यापाशी वाकतो. कोणाचं कोणाशी वाकडं नसतं, तरी संध्याकाळी सहा जण सहा वेगळे दिवस जगून मुक्कामाला पोचतात. कोकणात यावरचा उपाय वाटेतच मिळतो. एक-दोन दिवसांनी खाडी आडवी येते, पुढच्याला थांबावंच लागतं आणि पाण्याच्या कडेला चमू पुन्हा एक होतो.

म्हणून हे परीक्षण खाडी ओलांडून देणाऱ्या सेवांचं आहे. टप्पा हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, आठ दिवसांचा. किनारा किती धरता आणि डांबरी रस्ता किती, त्यावर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर होतात. वाटेत सावित्रीवर बागमांडला–वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ–जयगड अशा तीन फेरीबोटी लागतात, आणि मध्ये भारजा नदीच्या मुखाशी साखरीकडून केळशीला नेणारी एक होडी. गाडीवाल्यांनी या फेरीबोटींबद्दल भरपूर लिहिलंय: किती पेट्रोल वाचलं, रांग किती होती. पायी चालणाऱ्याच्या अपेक्षा वेगळ्या असतात. थांबायला जागा कशी आहे, अख्खा चमू एका खेपेत जातो का, उतरल्यावर तासाभरात काय लागतं आणि फेरी चुकली तर काय, हे त्याला कळायला हवं. आम्ही याच मापाने मोजलंय.

चमू चार ते सहाचाच हवा. सहाच्या वर गेलात की छोट्या होडीला दोन खेपा पडतात, घरगुती मुक्कामात दोन खोल्या पुरत नाहीत, आणि कोणाचा पाय मुरगळला तर एका रिक्षेत तो, सोबतीचा माणूस आणि दोन सॅक एवढंच मावतं, हे विसरून चालत नाही. तिघांत मात्र ओझं वाटून घेण्याचा फायदा उरत नाही.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो तो अंगाला गार लागतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो तो पाठीमागून ढकलतो. उलट दिशेने चालणाऱ्याच्या तोंडावर दुपारभर वाळू येते.

आता वाटेचा सगळा हिशेब ज्यावर बसतो ते भरतीचं गणित. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून रत्नागिरीचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत हवंच. पण कोष्टक सॅकच्या तळाशी असताना हा ठोकताळाच कामाला येतो. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा चढतं, एवढंही लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

यावरून निघायची तारीख ठरते. वेळास सोडून केळशीला जाण्याचा दुसरा दिवस पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास येईल असं पाहा. उधाणाच्या त्या दिवसांत ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला असते. उजाडताना वाळू रुंद, ओली आणि कडक मिळते. त्यावर दोन-अडीच तास झपाझप चालता येतं. दहाच्या सुमाराला पाणी सुरूच्या बनाकडे चढायला लागतं, तेव्हा तुम्ही खाडीकाठी पोचलेले असता, आणि होडीला पाण्याचा हाच चढ लागतो. अष्टमीला निघालात तर सगळं उलटं होतं: भर उन्हात बाराला वाळू मोकळी होते, आणि होडी पहाटे नाहीतर संध्याकाळीच सोयीची पडते. सहा जणांच्या सुट्ट्या जुळवताना पंचांग कोणी बघत नाही. इथे ते आधी बघायचं आणि सुट्ट्या मागून जुळवायच्या.

हरिहरेश्वरातच या गणिताची परीक्षा होते. डोंगराभोवतीचा प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राच्या अंगाने खडकांवरून जातो. तो ओहोटीलाच करायचा, ओल्या कातळावर पाय ठेवायचा नाही, आणि चमूतला एक जण सारखा समुद्राकडे तोंड करून उभा ठेवायचा. इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पौर्णिमेच्या सुमाराला पोचत असाल तर प्रदक्षिणा संध्याकाळी पाचच्या ओहोटीला उरका आणि बागमांडल्याला सकाळी निघा.

बागमांडला–वेश्वी

हरिहरेश्वराहून साधारण पाच किलोमीटर डांबरी रस्ता, मग जेटी. सावित्रीची ही खाडी म्हणजे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द. बोट नसेल तर पुलाकरता आंबेत–म्हाप्रळपर्यंत आत जावं लागतं. चालणाऱ्याला तो वळसा दोन दिवसांचा. बोटीने पाव तास.

शनिवारी, रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात इथे गाड्यांची रांग लागते ती पाहून दचकू नका. पायी माणसाला त्या रांगेशी देणंघेणं नाही. तिकीट माणशी घ्यायचं आणि बोट लागली की बाजूला उभं राहायचं. आधी समोरून आलेल्या गाड्या उतरतात, मग इकडच्या चढतात, आणि चालणाऱ्यांनी शेवटची गाडी आत जाऊन थांबल्यावर चढायचं. घाई करून गाड्यांच्या मधून शिरणारा माणूस चालकाला मागच्या आरशात दिसत नाही. पाठीवरच्या सॅकची रुंदी त्यालाही कळत नाही. ओहोटीच्या वेळी जेटीच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. तिथे टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा टेकवा, पावलं लहान ठेवा.

पायी चमूसाठी या सेवेची खरी किंमत ती पहिल्या दिवशी येते यात आहे. पाच किलोमीटर चालून झालेले असतात, खांद्यांनी तक्रार केलेली असते, आणि घर अजून इतकं लांब गेलेलं नसतं की नको ते सामान परत पाठवता येणार नाही. पुढच्या फेरीला पाऊण-एक तास असेल तर उत्तमच. सगळ्यांनी सॅक उघडाव्यात. पाण्याशिवाय सॅक सहा-सात किलोच्या वर नको. त्यात अडीच-तीन लिटर पाणी धरलं की नऊ-दहा होतात आणि वाळूवर यापुढचा प्रत्येक किलो घोट्यात जाणवतो. सहा जणांत औषधांची पिशवी एक, पॉवर बँक दोन, सुई-दोरा-चिकटपट्टी एक, पातेलं-स्टोव्ह शून्य. या किनाऱ्यावर दर दहा-बारा किलोमीटरला जेवण मिळतं, स्वयंपाकाचं सामान वाहणं म्हणजे शुद्ध हौस. औषधांची पिशवी कायम सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे द्या, कारण जिला ती लागते ती व्यक्ती पुढे कधीच नसते. भरतीचं कोष्टक आणि पुढच्या मुक्कामाचा फोन नंबर पुढच्याकडे. शिट्टी दोघांकडेही.

बटवाही याच जेटीवर सुरू करा. माणशी तीन हजार एकाकडे जमा करायचे, संपले की पुन्हा तेवढेच. तिकीट, चहा, जेवण, होडी, सगळं त्यातून. दहा-वीसच्या नोटा भरपूर हव्यात. खाडीकाठी मोबाइलची रेंज जाते तेव्हा फोनवरून पैसे देण्याचा भरवसा नसतो आणि मागे उभे असलेले खोळंबतात. खर्च वहीत त्याच दिवशी लिहा. चौथ्या दिवशी डोक्याने केलेला हिशेब मैत्रीला महाग पडतो. मासे खाणारे आणि न खाणारे एकत्र असतील तर ताटाच्या दरातला फरक बटव्यातून काढू नका, ज्याचा त्याने द्यावा. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणी बोलून टाकलं की आठ दिवस पुन्हा विषय निघत नाही.

वेश्वीला उतरल्यावर खाडीच्या कडेने बाणकोट, वर हिंमतगड, आणि तिथून वेळास. हा नाना फडणविसांचा गाव. आता तो ओळखला जातो तो ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथलं संवर्धन उभं केलं. पिल्लं समुद्रात सोडण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा घरगुती मुक्काम आधी ठरवल्याशिवाय येऊ नका. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर बॅटरी घेऊन चालायचं नाही, तंबू तर मुळीच टाकायचा नाही: उजेड दिसला की अंडी घालायला आलेली मादी परत फिरते.

साखरी–केळशीची होडी

चारांतली ही सगळ्यात बेभरवशाची, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची. वेळापत्रक नाही, तिकीट खिडकी नाही. होडी आहे का, ती चालवणारा तांडेल गावात आहे का, पाणी आहे का, या तिन्हींचं उत्तर आदल्या संध्याकाळी वेळासच्या घरमालकाकडून मिळवायचं. त्यांनाच फोन करायला सांगा. ओळखीने गेलेला निरोप जसा पाळला जातो तसा अनोळखी नंबरवरून आलेला पाळला जाईलच असं नाही. माणसं किती, सॅक किती आणि किती वाजता, हे तिन्ही आकडे निरोपात हवेत. पैसे माणशी न ठरवता अख्ख्या खेपेचे ठरवा, आणि चढण्याआधी.

वेळ भरतीच्या आधी दोन तासांपासून नंतर तासाभरापर्यंत. कारण असं: पूर्ण ओहोटीला मुखाशी वाळूचा दांडा वर येतो आणि होडी रुतते, मग गुडघाभर गाळातून सॅक डोक्यावर घेऊन जावं लागतं. भरती संपून पाणी जोरात बाहेर ओढायला लागलं की प्रवाह पश्चिमेला धावतो. त्यात दुपारी वायव्येचा वारा सुटलेला असतो. वारा आत, पाणी बाहेर, अशी दोघांची टक्कर मुखापाशी होते आणि लाटा आखूड व उभ्या होतात. लांबून पाहणाऱ्याला खाडी शांतच वाटते. दुपारी चारला तांडेल नाही म्हणाला तर त्याला जास्त पैशाची लालूच दाखवू नका. तो आळस करत नाहीये, त्याला ती लाट ओळखता येते. एक रात्र मागे राहा.

होडीत बसण्याच्या रीती थोड्या आहेत, पण प्रत्येकीमागे कारण आहे. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा काठावरच सोडा. पडलाच तर पाठीवर बांधलेली सॅक माणसाला पालथं करते. सॅक होडीच्या मधोमध, तळाशी. माणसांनी आत पाऊल टाकताना काठावर न टाकता मध्यरेषेवर टाकायचं. हात देताना बोटं न धरता मनगटाला मनगट धरायचं. ओली बोटं सुटतात. सगळ्यात जड माणूस आधी आणि मध्ये. आत शिरल्यावर उभं राहून फोटो नाहीत. फोन आणि कोष्टक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून रबराने बांधलेलं. लाइफ जॅकेट मिळालं तर नुसतं अंगात अडकवू नका, बकल लावून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत येत असेल तर ते ढिलं आहे.

पायात काय असावं यावर चमूत नेहमी वाद होतो. बूट काढून अनवाणी उतरावं असं वाटतं. तसं करू नका. खाडीच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, आणि गाळातली जखम चिघळते. जुन्या पट्ट्याच्या सँडल सॅकला बाहेर लटकवलेल्या असाव्यात, त्या घालायच्या. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत पुढे न्या. वाळूत दडलेला पाकट हा चपटा मासा चाहूल लागून बाजूला होतो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

एवढं सगळं करून ओलांडायला लागतात जेमतेम काही मिनिटं. तरीही मोल मोठं म्हणतोय, ते चमूमुळे. फेरीबोटीत माणूस प्रवासी असतो, इथे प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं. एक सॅक देतो, एक घेतो, एक होडी धरतो, एक शेवटच्याला हात देतो. दोन दिवस आपापल्या वेगाने चाललेली माणसं इथे पहिल्यांदा एका तालात हलतात. त्या दिवसानंतर चालण्याचा वेगही जवळ येतो, हे कोणत्याही चमूत बघायला मिळतं.

होडी मिळालीच नाही तर मांदिवलीकडून आत वळसा घालून रस्त्याने जावं लागतं. पाण्याची वेळ आपल्याला जुळत नसेल तर ते मान्य करून सरळ गाडी करा. पाण्याचा खोलपणा न कळता चालत ओलांडण्याचा विचार कुणाच्याही डोक्यात आला तर त्याला तिथेच थांबवणं हे मित्रांचं काम.

केळशीच्या वाळूच्या टेकडीपासून पुढे उटंबर, आडे, पाडले करत आंजर्ल्याला पोचता. इथल्या जोग नदीवर आता पूल आहे. पूर्वी इथेही होडीच होती. पूल झाल्याने गावाची किती सोय झाली, हे रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्यालाच विचारावं. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. मात्र चालणाऱ्यांचा चमू इथे हमखास फुटतो. पुढचे पूल पार करून हर्णैच्या रस्त्याला लागलेले असतात आणि मागचे अजून कड्यावरच्या गणपतीची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरत असतात. रेवस–रेड्डी सागरी महामार्गात उरलेल्या मोठ्या खाड्यांवरही पूल योजलेले आहेत. ते होतील तेव्हा पुलाखालची जेटी मोडू नये आणि चालणाऱ्यांसाठी एखादी होडी राहावी, ही मागणी आम्ही मनापासून करतो. तोवर आंजर्ल्याच्या पुलाच्या अलीकडच्या टोकाला सगळ्यांनी जमायचं, हा नियम स्वतःच घालून घ्या.

हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. उभं राहायची जागा मात्र टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाटेत नको. मुरुड, कर्दे, लाडघर हा पट्टा सोपा आहे. इथे एकच गोष्ट सांभाळायची. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला असतो आणि वाळूचा उतारही तिकडेच. दोन दिवस सलग त्या तिरक्या वाळूवर चाललं की एका बाजूचा खुबा आणि गुडघा बोलायला लागतो. दर अर्ध्या तासाने पाण्याच्या अगदी कडेच्या सपाट पट्ट्यावर या, तो नसेल तर सुरूच्या आतल्या वाटेवर जा.

दाभोळ–धोपावे

लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी, दाभोळ. कोळथऱ्याला मुक्काम केलात तर सकाळी साधारण बारा-तेरा किलोमीटर चालून दुपारपर्यंत दाभोळच्या जेटीवर पोचता. पायी चमूसाठी तिन्ही फेरीबोटींत ही सर्वांत उत्तम सेवा. दाभोळ हे जुनं बंदर, वस्ती पाण्याला लागूनच. जेटीजवळच दगडी मशीद आहे, ती पाहायला अर्धा तास राखून ठेवा. फेऱ्या साधारण पाऊण ते एक तासाने असतात, म्हणजे मागे पडलेला माणूस फार तर एका फेरीने मागे राहतो, दिवसाने नाही. शेवटची फेरी चुकली तर मात्र रस्त्याने चिपळूणवरून जावं लागतं. शंभर किलोमीटरचा मामला.

हा पाचवा दिवस असतो आणि चमूचा कस याच दिवशी लागतो. गप्पा संपलेल्या असतात, कपड्यांना मिठाचा वास लागलेला असतो, कोण घोरतं ते सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. अशा वेळी जेटीवरच्या चाळीस मिनिटांचं काय करायचं ते ठरलेलं असावं. आधी बूट-मोजे काढायचे, पावलं गोड्या पाण्याने धुवायची, बोटांच्या बेचकीत कोरडी पुसायची. खारं पाणी वाळून राहिलेल्या मिठाचे कण मोज्यात सँडपेपरचं काम करतात. फोड येतात ते चालण्याने कमी आणि या मिठा-वाळूने जास्त. लाल झालेल्या जागी फोड यायच्या आतच पट्टी लावायची. आलेला फोड फोडायचा नाही. मांड्या आणि काखा सोलवटल्या असतील तर धुऊन कोरडं करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. मग पाणी: निदान अर्धा लिटर तिथेच बसून प्यायचं. डोकं दुखतंय आणि चिडचिड होतेय तो माणूस बहुधा भांडखोर नसतो, त्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं. लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो. बरोबर आमसुलाचा सार किंवा कोकम सरबत मिळालं तर जीव थाऱ्यावर येतो. आणि वाद काय असेल तो बोट सुटायच्या आत काढून टाकायचा. बोटीत बसल्यावर सगळे एकाच बाजूला बघत उभे असतात, तेव्हा अबोला फार काळ टिकत नाही.

धोपाव्याला उतरल्यावर एक कडू घास आहे. तिथून गुहागरपर्यंत साधारण पंधरा-सोळा किलोमीटर, बहुतेक डांबरी, चढउताराचे, उघड्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून. जांभ्याची उष्णता दुपारी खालूनही येते. बोटीतून दोनला उतरून लगेच चालायला लागणं चूक. चार वाजेपर्यंत सावलीत थांबा नाहीतर दुपारपुरती एसटी धरा. कोणी लंगडत असेल तर त्याने एकट्याने एसटीने पुढे जायचं नाही. दोघांनी जायचं, आणि सोबत कोणी जायचं हे लंगडणाऱ्याने ठरवायचं. बाकीच्यांनी ‘आम्ही मात्र पूर्ण चाललो’ हा हिशेब मुक्कामावर काढायचा नाही. वेळ हाताशी असेल तर अंजनवेलचा गोपाळगड वाटेत करता येतो.

गुहागरचा किनारा लांब आणि पायाला सुखाचा. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी हा पुढचा दीड दिवस टेकड्या चढण्या-उतरण्याचा आहे. हेदवीच्या बामणघळीचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातल्या अरुंद घळीचं, पाणी भरतीला उसळतं ते काठापासून लांब उभं राहून पाहा.

तवसाळ–जयगड

याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण फारसं काही बिघडत नाही. शास्त्री नदीची खाडी, बोटीला पाव तासाच्या आसपास. तवसाळ छोटं गाव आहे. खाणंपिणं आणि पाणी हेदवीहूनच घेऊन निघा, जेटीवर जेवणाची भिस्त ठेवू नका. शेंगदाण्याचे लाडू आणि फणसपोळी यांच्या जोरावर सकाळ निघते. बोट नसेल तर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा आहे, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि त्याच्या आधीची फेरी ही आपली शेवटची समजा. सहा जणांत एक तरी नेहमी अर्धा तास मागे असतो; त्याच्यासाठी ही एक फेरी हातची राखायची. तो आल्याशिवाय पुढच्या कोणीही बोटीत पाऊल ठेवायचं नाही. या नियमाला आम्ही अपवाद मानत नाही. दोघं पुढे जाऊन खोली बघतो म्हणतात, बोट सुटते, पलीकडे रेंज नसते, आणि अलीकडे राहिलेल्यांकडे बटवा नसतो.

जयगडला उतरून किल्ला चढा. वरून जी खाडी ओलांडलीत ती अख्खी दिसते. मुक्काम जयगडला करून शेवटच्या दिवशी मालगुंडमार्गे गणपतीपुळे. मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक आहे, तिथल्या आवारात मागच्यांची वाट पाहता येते.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला एसटी मिळते आणि तिथून कोकण रेल्वे. येताना माणगावला उतरून एसटीने श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठायचं, परतीला रत्नागिरी, असं तिकीट आधीच काढा; परतीच्या गाडीला एक दिवस मोकळा ठेवा, तो केळशीच्या होडीसाठी लागू शकतो. बटव्याची वही गाडीत बसायच्या आधी मिटवा, उरलेले पैसे सारखे वाटून घ्या, आणि ओल्या सँडल वेगळ्या पिशवीत बांधा.